अस्तंबा चढणारा माणूस हिमालयात आडवा का होतो? उंच शिखराच्या बेताचं साधं गणित

एप्रिल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरांच्या मोबाइलवर जाहिराती फिरायला लागतात. ‘सात दिवसांत पाच हजार मीटर!’ खाली बर्फावर हात उंचावून उभ्या असलेल्या मुलामुलींचे फोटो. दोन-तीन मित्र ठरवतात, पैसे भरतात, रेल्वेचं तिकीट काढतात. मग मेच्या अखेरीस त्यातला एखादा घरी येऊन सांगतो की दुसऱ्याच मुक्कामाला उलट्या सुरू झाल्या, डोकं फुटायची वेळ आली, गाईडने खाली आणून सोडलं. ऐकणाऱ्यांना पटत नाही. हाच मुलगा धनत्रयोदशीच्या यात्रेत सातपुड्यातलं अस्तंबा शिखर रातोरात चढून पहाटे माथ्यावर असतो. मग हिमालयात काय झालं?

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या वेळी आडवा झालेला तो मुलगा मीच होतो. मनालीजवळ फ्रेंडशिप नावाचं ५,२८९ मीटरचं शिखर आहे, तिथे निघालो होतो. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा, रोज पहाटे पाच किलोमीटर पळणारा. आमच्याच गटात भुसावळचे एक रेल्वे कर्मचारी होते. पन्नाशी ओलांडलेली, पोट थोडं सुटलेलं. ते शिखरावर जाऊन आले आणि मी ३,८५० मीटरवरच्या तंबूबाहेर गुडघ्यांवर बसून ओकत होतो. आम्हां दोघांत फरक एवढाच होता की ते चार दिवस आधी मनालीला नातेवाइकांकडे येऊन राहिले होते, रोज आसपास वर-खाली फिरत होते. मी गाडीतून उतरलो तो थेट वर गेलो.

त्या चार दिवसांत त्यांच्या शरीरात काय घडलं, हे नीट कळलं तर शिखराच्या बेतातलं निम्मं काम झालं. म्हणून आधी हवेपासून सुरुवात करू.

वर हवा ‘कमी’ होते म्हणजे नेमकं काय होतं?

बऱ्याच जणांना वाटतं की वर हवेतला ऑक्सिजन संपत जातो. तसं नाही. जळगावच्या हवेत जसा शेकडा २१ भाग ऑक्सिजन असतो, तसाच तो एव्हरेस्टच्या माथ्यावरही असतो. बदलतो तो हवेचा दाब.

आपल्याकडे कापूस घरात साठवलेला सगळ्यांनी पाहिलाय. खोलीत छतापर्यंत रास लागली की खालचा कापूस वरच्याच्या वजनाने दाबून घट्ट होतो. वरचा मात्र मोकळा, भुरभुरीत राहतो. तळाशी हात घालून मूठभर कापूस काढा आणि वरून मूठभर उचला. मूठ तेवढीच, पण वरच्या मुठीत कापूस फार थोडा येतो. हवेचंही तसंच आहे. आपण २०० मीटरच्या आसपास, म्हणजे राशीच्या अगदी तळाशी राहतो. डोंगरावर जाणारा माणूस राशीच्या वरच्या अंगाला जातो. छाती तेवढीच फुगते, पण तिच्यात हवा विरळ भरते.

किती विरळ? ३,५०० मीटरवर, म्हणजे लेह शहराच्या उंचीवर, एका श्वासात आपल्या इथल्या साधारण दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. ५,५०० मीटरच्या आसपास तो निम्मा होतो. अस्तंबा साधारण १,३२५ मीटर. बागलाणातला साल्हेर १,५६७ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच असलेलं कळसूबाई १,६४६ मीटर. या उंचीवर हवेतला फरक निरोगी माणसाला जाणवतही नाही. म्हणजे आपण आयुष्यभर डोंगर चढलो तरी त्या राशीच्या तळातून बाहेर आलेलोच नसतो. अस्तंब्याला दम लागतो तो चढाचा. विरळ हवेची गाठ तोवर पडलेलीच नसते.

दाब कमी झाल्याच्या खुणा वर सगळीकडे दिसतात. घरून नेलेलं शेवेचं पाकीट फुग्यासारखं टम्म होतं. डाळ तासभर रटरटली तरी कडक राहते, कारण ३,८५० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. आच कितीही मोठी करा, उघड्या भांड्यातलं पाणी त्यापुढे तापत नाही. कुकरशिवाय तिथे वरण जमत नाही.

शरीर रुळतं, पण वेळ घेऊन

पुण्या-नाशिकचा पाहुणा मेमध्ये भुसावळला आला तर दुपारी दोन वाजता त्याला घेरी येते. त्याच उन्हात आपला शेतमजूर नांगरलेल्या रानात काम करत असतो. तो काही वेगळ्या मातीचा घडलेला नसतो. मार्चपासून ऊन चढत गेलं तसं त्याचं शरीर शिकत गेलं. घाम लवकर सुटायला लागला, घामातून मीठ कमी जायला लागलं. पाहुण्यालाही आठवडा-दोन आठवडे हळूहळू उन्हात काढू दिले तर तोही बराच रुळतो. पहिल्याच दिवशी भर दुपारी रानात उभा केला तर मात्र दवाखाना गाठावा लागतो.

विरळ हवेलाही शरीर असंच रुळतं. डॉक्टर याला अ‍ॅक्लमटायझेशन म्हणतात, आपण ‘रुळणं’च म्हणू. पहिल्या काही तासांतच श्वास जोरात चालायला लागतो आणि नाडी वाढते. पण जोरजोरात श्वास घेतल्याने शरीरातला कार्बन डाय-ऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्ताचा आम्ल-अल्कलीचा तोल ढळतो, आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री झोपेत हे जास्त होतं. श्वास मध्येच थांबतो आणि माणूस दचकून जागा होतो. हा तोल सावरायचं काम मूत्रपिंडं करतात, लघवीवाटे जादा अल्कली बाहेर टाकून. ते एका रात्रीत होत नाही, त्याला दिवस लागतात. नव्या तांबड्या पेशी तयार होऊन रक्त ऑक्सिजन जास्त वाहायला लागायचं तर आठवडे.

यातल्या कशाचाच तुमच्या पळण्याशी, दंडांशी, वयाशी संबंध नाही. उलट धडधाकट तरुण माणूस पहिल्या दिवशी भराभर चढून जातो आणि शरीराला शिकायला वेळच देत नाही. माझं तेच झालं. सगळ्यात आधी कॅम्पवर पोचलो म्हणून मी खूश होतो.

आजार ओळखायचा कसा

उंचीचा आजार बहुतेकदा चढतानाच धरत नाही. पोचल्यावर सहा ते बारा तासांनी, म्हणजे अनेकदा रात्री किंवा दुसऱ्या सकाळी डोकं वर काढतो. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, जेवण नकोसं होणं, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं यांतलं काहीही असलं तर वर गेल्यावर आधी उंचीचाच आजार समजायचा. ‘प्रवासाने झालं असेल, रात्रीची झोप झाली नाही म्हणून असेल’ ही कारणं मागाहून शोधायची.

अशा वेळी नियम साधा आहे: त्रास असेपर्यंत वर झोपायला जायचं नाही. आहे तिथेच थांबायचं. बहुतेक जण एक-दोन दिवसांत बरे होतात. वाढत गेलं तर खाली उतरायचं.

दोन प्रकार मात्र जिवावर बेततात. एकात फुप्फुसात पाणी भरतं: बसल्या जागी, काही न करता धाप लागते, खोकला येतो, पुढे थुंकीत गुलाबी फेस दिसतो. दुसऱ्यात मेंदूला सूज येते, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो, असंबद्ध बोलतो. शंका आली तर त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल तर सकाळची वाट बघायची नाही, अंधारात, पावसात, जसं जमेल तसं खाली न्यायचं. सोबत ऑक्सिजन आणि औषध असेल तर तेही द्यायचं, पण त्यासाठी उतरणं लांबवायचं नाही. आणि अशा माणसाला एकटं कधीच पाठवायचं नाही, कारण त्याचं डोकंच ठिकाणावर नसतं.

बेताची सुरुवात कॅलेंडरपासून

आपण बेत करतो तो बुटांपासून. बूट कुठले घ्यायचे, जॅकेट भाड्याने मिळेल का, सॅक किती लिटरची. हे सगळं लागतंच, पण आधी कॅलेंडर उघडायचं.

गिर्यारोहणाच्या डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी काढायची. ‘झोपायची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवसा हवं तर ७०० मीटर चढा, पण रात्री खाली येऊन झोपा. शरीराला वरची ओळख होते आणि विश्रांती खाली मिळते.

आता माझा पहिला बेत या नियमाला लावून बघू. मनाली साधारण २,०५० मीटरवर. पुढे धुंदी २,८५० च्या आसपास, तिथून बकरथाच साधारण ३,३००, आणि वरचा लेडी लेग नावाचा कॅम्प साधारण ३,८५०. (थाच म्हणजे तिकडच्या मेंढपाळांचं कुरण. वर जाताना अशी गावठी नावं कानावर पडत राहतात, ती विचारून घ्यावीत.) मी पहाटे मनालीत उतरलो, त्याच दिवशी गाडीने धुंदी आणि पायी बकरथाच. पहिली झोप ३,३०० वर, दुसरी ३,८५० वर. तीन दिवसांपूर्वी मी जळगावात आंब्याच्या रसाचं जेवण जेवत होतो.

दुसऱ्या वर्षी बेत असा केला. पंजाब मेलने दिल्ली, दिल्लीहून रात्रीची बस, तिसऱ्या दिवशी मनाली. मनालीत दोन रात्री, मधल्या दिवशी जवळच्या डोंगरावर तीन-चार तास फिरणं. पाचवी रात्र धुंदीला. सहावी आणि सातवी बकरथाचला, सातव्या दिवशी ३,७०० पर्यंत चढून परत. आठवी आणि नववी वरच्या कॅम्पला, नववा दिवस बर्फावर चालायचा सराव. दहाव्या दिवशी मध्यरात्रीनंतर शिखराकडे. अकरावा दिवस राखीव, हवा बिघडली तर वापरायला. बारावा उतरायला, मग दोन दिवस परतीचा प्रवास. घरापासून घरापर्यंत चौदा दिवस.

यात आठव्या रात्रीची उडी ५५० मीटरची आहे, नियमापेक्षा किंचित जास्त. पण तिच्या आधी एक जादा रात्र काढलेली आहे, म्हणून ती चालवून घेतली. बेत म्हणजे असा हिशोब, रात्रीमागे रात्र.

सात दिवसांच्या जाहिरातीशी तुलना करताना लोक पैसे बघतात. चौदा दिवसांचा बेत महागच पडतो, आणि नोकरदाराला दोन आठवड्यांची रजा मागणं सोपं नाही, हेही खरं. रजा मिळतच नसेल तर शिखर बदला, दिवस कापू नका. उत्तराखंडातल्या सांकरी गावातून ज्याची वाट जाते ते केदारकांठा ३,८०० मीटरच्या आसपास आहे. सुरुवातीला तेच बरं. तिथे बर्फ बघायला मिळतो, आपलं शरीर उंचीवर कसं वागतं तेही कळतं, आणि पाच हजारांचं नंतर ठरवता येतं.

‘आमची आजी केदारनाथला जाऊन आली, तिला काही झालं नाही’

हा आक्षेप मला दर वेळी ऐकावा लागतो आणि तो रास्त आहे. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, अमरनाथ ३,८८८ मीटरवर. दर वर्षी लाखो माणसं जातात, त्यात आपल्या गावचे म्हातारेही असतात.

पण आजी किती वेळ वर होती ते विचारा. अनेक यात्रेकरू दर्शन घेऊन त्याच दिवशी उतरायला लागतात. आजार डोकं वर काढायच्या आत ते खाली असतात. जे वर रात्र काढतात त्यातल्या कितीतरी जणांचं डोकं दुखतं, ते त्याला थकवा समजतात आणि सकाळी उतरल्यावर विसरून जातात. शिवाय हा आजार सगळ्यांना सारखा होत नाही. कुणाला ३,५०० वर काहीच होत नाही, कुणाला २,५०० वरच होतो. आधीच सांगता येईल अशी कुठलीही चाचणी आपल्या गावच्या डॉक्टरकडे नाही. आजीला झालं नाही म्हणून नातवाला होणार नाही, असं नातं इथे चालत नाही. मागच्या वेळी तुम्हाला स्वतःला काय झालं होतं, हाच त्यातल्या त्यात बरा अंदाज.

कापूर, डबा आणि गोळी

कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून जाणारे आपल्याकडे खूप आहेत. वासाने तरतरी येते, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण मुठीत येणारा कापूस त्याने वाढत नाही. हौसेने न्या, भरवसा ठेवू नका.

बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग माणूस ‘आता ठीक आहे’ म्हणून आणखी वर जातो. धोका तिथेच आहे. खरी मदत होते ती गटाकडच्या मोठ्या सिलिंडरची, तीही उतरताना.

गोळीबद्दल थोडं सविस्तर. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध, बाजारात डायमॉक्स नावाने ओळखलं जातं, ते मूत्रपिंडांना मघाशी सांगितलेलं काम लवकर करायला लावतं. म्हणजे रुळण्याला हातभार लावतं. ते आजार झाकून ठेवतं, हा त्याच्याबद्दलचा गैरसमज आहे. पण ते सगळ्यांना चालत नाही. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, म्हणून घरी असताना एक-दोन दिवस घेऊन बघायचं का, हेही डॉक्टरांना विचारा. आणि गोळी घेतली म्हणून चौदाचे सात दिवस होत नाहीत. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र श्वास आणखी मंद करतात, वर त्या पूर्ण बंद.

समोच्च रेषा वाचणं शेतकऱ्याच्या पोराला सोपं

‘गाईड असतो, मग नकाशा कशाला?’ गाईड असावाच. पण तुम्हाला उद्याचा दिवस केवढा आहे हे स्वतःला कळलं, तर पाणी किती घ्यायचं, थांबायचं कधी, आपण मागे पडलोय का, हे सगळं कळतं.

डोंगराच्या नकाशावर वेड्यावाकड्या तपकिरी रेषा असतात. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. आपल्याकडे पाणी अडवायला डोंगरउतारावर सलग समतल चर खोदतात, ते आठवा. एक चर जिथून जातो तिथे सगळीकडे उंची सारखी, म्हणून पाणी कुठल्याच बाजूला पळत नाही. समोच्च रेषा म्हणजे कागदावर काढलेला तसाच चर. डेहराडूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० मापाच्या नकाशात साधारणपणे दोन रेषांत २० मीटरचा फरक असतो. रेषा दाट झाल्या की उभा चढ, विरळ झाल्या की पठार. चर खणलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं, शहरी मित्राला अर्धा दिवस लागतो.

आता वेळ काढू. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो अजून चालतो. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आमच्या शिखरदिवसाला तो लावू. ३,८५० वरून ५,२८९ म्हणजे साधारण १,४४० मीटर चढ, त्याचे जवळजवळ अडीच तास. अंतर ५ किलोमीटर धरलं तर एक तास. झाले साडेतीन. पण हा हिशोब नेस्मिथने स्कॉटलंडच्या बुटक्या डोंगरांसाठी केला होता. इथे एका श्वासात निम्म्याहून थोडाच जास्त ऑक्सिजन, पायाला लोखंडी दाते बांधलेले, खाली बर्फ. म्हणून दुप्पट धरा. सात तास, थांबे मिळून आठ. सकाळी नऊला माथ्यावर असायचं तर रात्री एकला निघायला हवं.

रात्रीच का? कारण रात्री बर्फ गोठून टणक असतो. ऊन चढलं की तो मऊ होतो, पाय मांडीपर्यंत रुततो, उतारावरचा बर्फ सुटून खाली यायची भीती वाढते. दुपारी ढगही येतात.

उलट फिरायची वेळ घरीच ठरवायची

बेतात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही ओळ. किती वाजता, कुठेही असलो तरी, मागे वळायचं. आमची वेळ सकाळी दहा.

ती वर जाऊन ठरवता येत नाही. विरळ हवेत निर्णय घ्यायची ताकदच कमी झालेली असते. त्यात दोन वर्षं साठवलेले पैसे, घरी सगळ्यांना सांगून आलेलो, आणि शिखर डोळ्यांसमोर दिसतंय. अशा वेळी शेजारचा कुणीतरी म्हणतो, ‘काही नही व्हस रे, अर्धा तास!’ अर्ध्या तासाचा दीड तास होतो. विहिरीत उतरणारा माणूस दोर संपेपर्यंत खाली जात नाही, वर यायला हातात ताकद हवी हे त्याला माहीत असतं. डोंगरात मात्र आपण उलटं करतो, सगळी ताकद चढण्यात घालवतो, आणि मग थकलेल्या पायांनी मऊ बर्फावरून उतरतो. पाय घसरतात ते तिथे.

‘मग इथे सपाटीवर सराव करून उपयोग काय?’

उंचीचा सराव खानदेशात होणार नाही, हे मान्य. तोरणमाळला महिनाभर राहिलात तरी तो होणार नाही. पण पाय, पाठ आणि दम इथेच तयार होतात. आणि ज्याचे पाय तयार आहेत त्याला वर हळू चालणं परवडतं.

पळण्यापेक्षा ओझं घेऊन चढणं-उतरणं जास्त कामाचं. धुळ्याच्या लोकांना महामार्गालगतचा लळिंग किल्ला आहे, चाळीसगावकरांना पाटणादेवीचे डोंगर, नंदुरबारकरांना सातपुडा दारातच. मांगीतुंगीच्या पायऱ्या आहेतच. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून आठ-दहा किलो वजन करा, आठवड्यातून दोनदा चढा. सुरुवातीला माथ्यावर पाणी झाडांना ओतून मोकळ्या सॅकने उतरा, म्हणजे गुडघे वाचतात. शेवटच्या महिन्यात मात्र ओझ्यासकट उतरा. मांड्या भरून येतात त्या उतरताना, आणि ते दुखणं आधीच ओळखीचं असलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये हे सगळं सूर्य उगवायच्या आत उरका.

कपड्यांबद्दल एकच सांगतो, आणि कापसावर वाढलेल्या घरातला असून सांगतो. वर अंगाला चिकटून सुती कपडा नको. आपलं पांढरं सोनं घाम शोषून घेतं आणि धरून ठेवतं. इथल्या उन्हात तोच त्याचा गुण आहे. वर थांबलात की तोच ओला बनियन अंगातली ऊब ओढून घेतो. आत लवकर सुकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा कपडा, त्यावर ऊब धरणारा, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनालीत रात्री १० अंश असतील तर शिखरावर उणे ११ धरा, वारा वेगळाच. भूक मरते म्हणून घरचे शेंगदाण्या-गुळाचे लाडू न्या. वर डबाबंद खाणं पाहून मळमळतं, पण ओळखीची चव उतरते.

निघण्याआधी एक तपासणी, खास आपल्या भागासाठी

रक्तदाब, हृदय, दमा यांची तपासणी सगळेच सांगतात. आपल्याकडे आणखी एक हवी. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. या दोषात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी उंच शिखराचा विचारच करू नये. ज्यांच्यात तो फक्त वाहक म्हणून आहे, त्यांना एरवी काहीच होत नाही, त्यामुळे अनेकांना ते माहीतही नसतं. पण उंचीवर त्यातल्या काहींच्या प्लीहेला इजा होऊ शकते, पोटात डावीकडे बरगड्यांखाली तीव्र कळ येते. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते. रक्त द्यायचंच आहे तर हिमोग्लोबिनही बघून घ्या. ते कमी असेल तर आधी ते भरून काढा, शिखर पुढच्या वर्षी.

पाच-सहा हजारांच्या शिखरांकडे खरंच ओढ असेल तर उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनालीच्या संस्थांमध्ये साधारण चार आठवड्यांचा प्राथमिक गिर्यारोहण अभ्यासक्रम असतो. दोर, बर्फाची कुऱ्हाड, पायातले दाते वापरायला तिथे नीट शिकवतात. विमा काढताना किती उंचीपर्यंत आणि हेलिकॉप्टरने उतरवण्यासकट आहे का, तेवढं बारीक अक्षरांत वाचा.

घरी ठेवायचा कागद

शेवटी एक पानभर कागद. कोणत्या रात्री कुठल्या कॅम्पला, गटातल्या सगळ्यांचे फोन, गाईडचा आणि मनालीच्या मुक्कामाचा फोन, कोणाला कसली अ‍ॅलर्जी, कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचं, आणि उलट फिरायची वेळ. एक प्रत गाईडकडे, एक घरी.

दुसऱ्या वेळी निघताना माझा कागद बहिणीने घड्याळाच्या खाली भिंतीला चिकटवला होता. त्या वर्षी डोकं दुखलं नाही, उलटी झाली नाही. पण पहाटेपासून वारा होता, आमची चाल मंदावली, आणि दहा वाजले तेव्हा शिखर अजून दीडशे मीटर वर होतं. स्वच्छ दिसत होतं. गाईडने घड्याळ दाखवलं. कुणी काही बोललं नाही. आम्ही वळलो.

तिथे फोनला रेंज नव्हती. घरी काय झालं ते बहिणीने नंतर सांगितलं. आई सकाळपासून कामं करता करता कागदाकडे बघत होती. दहाचे ठोके पडले तशी पदराला हात पुसत म्हणाली, ‘आते उतराले लागना व्हई तो.’ आणि जेवणाचं बघायला आत गेली.